पाणीफेरीची तिसरी प्रत

सुकन्याशी कुणाचं पटत नाही, हे सोलापुरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत कुणालाही ती तोंडावर बोलायची, आणि जे बोलायची ते बहुतेक वेळा खरं असायचं, त्यामुळे लोकांना जास्तच झोंबायचं. कॉम्प्युटर लॅबमध्ये ती सहायक होती, दर वर्षी नव्यानं करार होणारी. एखाद्या पोरानं न विचारता पेनड्राइव्ह लावला तर ती तो उपसून खणात टाकायची आणि आठवडाभर द्यायची नाही. पोरं मागून तिला 'विंचू' म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावर विंचू काढून ठेवला. सुकन्यानं तो पुसला नाही. नांगी जरा आखूड झाली होती, ती खडूनं लांब केली आणि कामाला लागली.

ती मूळची सांगोल्याच्या पल्याडच्या एका वाडीची. बाप येडू मेंढरं राखायचा, आई केराबाई घर आणि दोन एकरांचं माळरान सांभाळायची. पाऊस हुकला की वाडीत टँकर यायचा. केराबाई सकाळपासून घागरी मांडून बसायची. दिवसाला चार खेपा मंजूर, उतरायच्या दोन. आठवीत असताना सुकन्यानं ड्रायव्हरच्या हातातला कागद ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. त्यावर चार खेपा लिहिलेल्या होत्या, खाली सही होती, आणि दुसऱ्या दिवशीच्याही चार आधीच भरून ठेवलेल्या होत्या. ड्रायव्हरनं तिच्या कानाखाली वाजवली. भोवती उभ्या असलेल्यांपैकी एकजणही बोलला नाही. मार खाल्ल्याचं तिला फारसं वाटलं नाही, पण ते गप्प राहणं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढं डिप्लोमा करून ती सोलापूरला आली आणि कुंभारीत कामगारांच्या वसाहतीत एक खोली घेऊन राहिली. लॅबमध्ये लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा शेवटच्या वर्षाला इंद्रजीत नावाचा मुलगा होता. माढ्याकडचा, उसाच्या घरचा, हुशार आणि गोडबोल्या. प्रोजेक्टसाठी विषय शोधत होता. हजेरीचं अ‍ॅप करतो म्हणाला.

"हजेरीची ढीगभर पडलेत," सुकन्या म्हणाली. "त्यापेक्षा टँकरचं कर की."

"टँकरचं काय करायचं, ताई?"

तिनं त्याला सांगितलं. खेप उतरली की वाडीतल्याच एखाद्या बाईनं फोनवर बटण दाबायचं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आपोआप चढणार. एकदा चढलेली नोंद कुणालाच खोडता येणार नाही. चुकलीच तर खाली दुरुस्ती लिहायची, पण वरची ओळ तशीच दिसत राहिली पाहिजे. आणि हे सगळं कुणालाही बघता आलं पाहिजे.

इंद्रजीतनं दोन महिन्यांत ते उभं केलं. नाव ठेवलं 'पाणीफेरी'. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारून परत द्यावा, असं दोघांनी मिळून ठरवलं. एकोणीस सालच्या उन्हाळ्यात सांगोल्याच्या चार गावांनी तो वापरला. पुढच्या काही वर्षांत तीन जिल्ह्यांत पसरला. नाशिकचा कुणी, बेळगावचा कुणी, रिकाम्या वेळात सुधारणा पाठवू लागला. सत्तेचाळीस माणसांचे हात त्याला लागले.

असा कोड जिथं ठेवतात त्या जागेला ही मंडळी रेपो म्हणतात. रेपोत नुसता आजचा कोड नसतो. पहिल्या दिवसापासून कुणी कुठली ओळ बदलली, कधी आणि कशासाठी, याची एकेक नोंद असते. हा रेपो सांभाळायचं काम सुकन्यानं घेतलं. दिलं कुणी नव्हतं, तिनंच घेतलं. लॅब उघडायच्या आधी तासभर आणि पोरं गेल्यावर तासभर ती आलेले बदल वाचायची. प्रत्येक जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे बदललेल्या कोडाची वेगळी शाखा ठेवायची. न तपासलेली एक ओळ आत येऊ द्यायची नाही. नाशिकच्या माणसाला तिनं एकाच बदलासाठी पाच वेळा परत पाठवलं, तेव्हा त्यानं चिडून लिहिलं की आपण कोर्टात अर्ज करत नाही आहोत. तिनं उत्तर दिलं, 'सहावी ओळ अजून चुकलेली आहे.'

मूळ रेपो इंटरनेटवर, एका मोठ्या साइटवर होता. पण दुसऱ्याच्या वाड्यात धान्य ठेवून निवांत झोपणाऱ्यातली ती नव्हती. तिनं दोन मिरर लावले. मिरर म्हणजे रेपोची हुबेहूब प्रत, मुळात जे बदलेल ते तासाभरात आपोआप तिथंही बदलायचं. एक मिरर लॅबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाखाली, भंगारात निघालेल्या मशिनवर. दुसरा तिच्या वाडीच्या ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर, जिथं पाणीफेरी वापरातच होती. मूळ धरून तीन जागा. कोणती प्रत कुठं आहे हे तिनं रेपोच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

इंद्रजीत पुण्याला नोकरीला गेला आणि दोघांत खटके उडू लागले. तो घाईत असायचा. न विचारता, न तपासता थेट मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या वापरातल्या प्रतीत, कोड ढकलायचा. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा सुकन्यानं त्याचा बदल उलटवला आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'न तपासता आलेला बदल काढून टाकला आहे. नियम सगळ्यांना सारखा.'

त्याचा लगेच फोन आला. "ताई, चारचौघांत असं लिहायचं काय कारण? प्रोजेक्ट माझा आहे."

"तुजा न्हाय आणि माजाबी न्हाय," ती म्हणाली. "म्हणून तर उघडा ठिवलाय."

"कोड कोण लिहितंय? तुम्ही नुसत्या दारात बसता."

"मग दारातनं ये की. भिंतीवरनं उड्या कशाला मारतोस?"

त्या दिवसापासून त्यानं तिला ताई म्हणणं सोडलं.

पुढं त्यानं पुण्यात स्वतःची कंपनी काढली. पाणीफेरी सगळीकडं लावून द्यायची, हा धंदा. त्यात काही वावगं नव्हतं, खुल्या कोडावर कुणीही धंदा करावा. पण त्याच्या नव्या गिऱ्हाइकांत टँकर पुरवणारे ठेकेदारही होते. मार्च महिन्यात कंपनीकडून एक बदल आला. नाव साधंच, 'नोंद दुरुस्तीची सोय'. सुकन्या ओळ न् ओळ वाचत गेली आणि तिचे कान तापले. ज्याच्याकडं मुख्य किल्ली आहे त्याला आता कुठलीही जुनी खेप बदलता येणार होती, आणि वरची ओळ दिसणार नव्हती. दोनच्या चार करा, मागमूस राहणार नाही.

तिनं बदल नाकारला. कारणात एवढंच लिहिलं, 'ही दुरुस्ती नाही, खोडाखोड आहे.'

इंद्रजीतनं तो पुन्हा पाठवला. तिनं पुन्हा नाकारला. मग सोमवारी सकाळी ती रेपोत शिरायला गेली तर दार बंद. तिचे सगळे हक्क काढून घेतले होते. रेपो मूळ इंद्रजीतच्या नावावर उघडलेला, त्यामुळे त्याला ते करता येत होतं. बदल रविवारीच आत घेतला गेला होता.

तिनं त्याला संदेश पाठवला, 'घाबरलास व्हय रं?'

मंगळवारी लॅबमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आलेले, विभागप्रमुख आदिनाथ सर त्यांच्या शेजारी टाय लावून बसलेले. पावणेअकराला सुकन्याचा फोन थरथरला. रेश्मा होती. ती माढा तालुक्यात ग्रामसेविका, पाणीफेरी रोज वापरणारी आणि चुका शोधून पाठवणारी. सुकन्याशी न भांडता बोलणारी बहुधा ती एकटीच. सुकन्यानं पाठ फिरवून फोन घेतला.

"ताई, रेपो बघितलात का? सगळं गेलंय. एकच नोंद दिसतेय. आजची, इंद्रजीत सरांच्या नावाची."

"शाखा?"

"एकबी नाही. कंपनीनं वर लिहिलंय, नवी सुरुवात."

सुकन्याच्या लक्षात आलं काय झालं ते. त्यानं सगळा इतिहास पुसून आजचा कोड एका गठ्ठ्यात बांधला होता आणि गठ्ठ्यावर एकट्याचं नाव घातलं होतं. सत्तेचाळीस माणसं गेली. कुणी काय आणि का नाकारलं, तेही गेलं. खोडाखोडीचा बदल आधीपासूनच होता म्हणायला आता तो मोकळा. लोकांच्या कॉम्प्युटरवर आपापल्या कामापुरते तुकडे असतील, पण सगळ्या शाखांसकट सगळं एका जागी असं फक्त मिररवर होतं. आणि मिररचा गुण तोच त्याचा अवगुण. मुळात पुसलं की तिथंही पुसलं जाणार.

परीक्षा देणाऱ्या पोरांच्या खुर्च्यांमधून वाट काढत ती कोपऱ्यात गेली आणि सरळ टेबलाखाली शिरली. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं मशिनची स्क्रीन वळवून घेतली. मिरर दर तासाला सव्वाला चालायचा. सव्वादहाला चालून गेला होता. एकच नोंद. त्या मशिनची डिस्क लहान, म्हणून जे मुळात नको झालं ते लगेच कायमचं साफ करायची आज्ञा तिथं लावलेली होती. तिनंच, स्वतःच्या हातानं. सात वर्षांत तिनं शेकडो लोकांच्या चुका काढल्या असतील, आणि सगळ्यात मोठी तिची स्वतःची टेबलाखाली बसली होती. तिनं कपाळ मशिनच्या पत्र्यावर आपटलं.

"सुकन्या," आदिनाथ सरांचा आवाज आला, "परीक्षा चालू आहे. काय चाललंय तुमचं?"

तेवढ्यात तिला वाडी आठवली. काल आईशी बोलणं झालं होतं. मंगळवारी खांबांचं काम आहे, सकाळी सातपासून दिवसभर लाईट नाही, म्हणून दळण कालच आणलं, असं केराबाई म्हणाली होती. म्हणजे काल संध्याकाळी बंद केलेला पंचायतीतला कॉम्प्युटर आज चालूच झाला नव्हता. तिसरी प्रत अजून जिवंत होती. पण लाईट आली आणि कुणी बटण दाबलं की मशिन उठल्या उठल्या पहिलं काम मुळाशी जुळवून घ्यायचं करणार होतं. तेही तिनंच लावलेलं.

ती टेबलाखालून निघाली आणि पर्स उचलली.

"सर, मला जायचंय."

"मधूनच? परीक्षक बसलेत इथं. गेलात तर परत यायची तसदी घेऊ नका."

"बरं," सुकन्या म्हणाली आणि गेली.

जिन्यातच तिनं रावजीला फोन लावला. रावजी पंचायतीतला ऑपरेटर, आणि त्याचा मेहुणा टँकरवाला.

"रावजी, लाईट आली तरी तो कॉम्प्युटर चालू करू नगंस. नेटची वायर काढून ठेव, मी येतीयच."

"तू कोण सांगणार मला?" रावजी म्हणाला. "ग्रामसेवकाचं लेखी आण. आत्ताच पुण्यावनं साहेबांचा फोन होता, लाईट आल्याबरूबर चालू करा म्हणून. अपडेट हाय म्हणं."

म्हणजे इंद्रजीतनं पहिल्या पानावरची यादी बरोबर वाचली होती. सुकन्यानं रावजीला एक शिवी हासडली आणि बापाला फोन लावला. येडूला या कामाचा मनस्वी तिटकारा होता. पोरगी बिनलग्नाची राहिली ती त्या डब्ब्यापायी, असं त्याचं ठाम मत.

"आबा, कुटं हायसा?"

"मेंढरामागं. का गं?"

"पंचायतीत जावा. आत्ताच्या आत्ता. कॉम्प्युटरच्या मागं निळी वायर हाय, ती उपसा आन् मी येस्तवर कुणाला लावू दिऊ नगासा."

"का म्हणून? तुज्या त्या खेळण्यापायी मी मेंढरं सोडू?"

"आबा, दोनाच्या चार करणार हायती. आन् आपुन काय लिवलंवतं, त्ये सगळं पुसायलेत."

येडू म्हणाला, "कसली निळी? आकाशी का मोरपंखी?"

"आकाशी, आबा!"

सांगोल्याच्या एसटीत तिला जागा मिळाली नाही. मंगळवेढ्यापर्यंत ती उभ्यानं गेली. वाटेत रावजीनं फोन उचलला नाही, आणि येडूकडचा फोन बंद लागत होता. कंडक्टरनं सुट्ट्यावरून काही म्हटलं तर ती त्याच्यावर इतकी वसकली की शेजारची बाई उठून दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. सांगोल्याहून पुढं माणसं भरून चालणाऱ्या वडापच्या जीपनं ती वाडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा चार वाजत आले होते. फाट्यावरच्या टपरीत रेडिओ वाजत होता. लाईट आलेली होती. चप्पल हातात घेऊन ती पळत सुटली.

पंचायतीसमोर वीसेक माणसं जमली होती. रावजी पायरीवर उभा राहून ओरडत होता. दारात, उंबऱ्यावर आडवी काठी ठेवून, येडू मांडी घालून बसला होता. त्याच्या उजव्या हाताला निळी वायर चार वेढे देऊन गुंडाळलेली होती.

"सरकारी कामात आडथळा हाय हा!" रावजी सुकन्याला बघून किंचाळला. "पोलीस बलवतो मी! तुज्या बापानं माज्या नडगीवर काठी घातली!"

"लागली न्हाय त्येला," येडू शांतपणे म्हणाला. "लागावी म्हणून मारलीच न्हवती. लागावी म्हणून मारली आस्ती तर आता वरडत बसला नसता."

"आबा, चालू केलावता का त्यानं?"

"बटन दाबलं त्यानं. मी वायर आधीच काडलीवती. मग म्हणतोय, दुसरी वायर आणतो. म्हणलं आण, आन् लावून दाव."

सुकन्या आत गेली. रावजी मागोमाग आला, तर येडूनं बसल्या जागेवरून काठी त्याच्या पोटरीला लावली. तिनं आधी जुळवून घ्यायची आज्ञा बंद केली. मग रेपो उघडला. तेवीसशे चौदा नोंदी. मुख्य धरून चार शाखा. सगळ्यात खाली पहिली नोंद, इंद्रजीतचीच, 'टँकरची खेप नोंदवणे, सुरुवात.' तिनं एकेक गोष्ट ताडून पाहिली, रविवारी घुसवलेला बदल उलटवला, दोन पेनड्राइव्हवर प्रती घेतल्या, आणि मग तिथंच बसून फोनचं इंटरनेट जोडून सगळा रेपो एका नव्या जागी, स्वतःच्या नावानं उघडून चढवला. तासभर लागला. तेवढा वेळ बाहेर रावजी मेहुण्याला फोन करून बोलावत होता आणि येडू शिव्या देत त्या मेहुण्याच्या आईपर्यंत पोचला होता.

काम झाल्यावर तिनं बापाकडं वायर मागितली.

"द्या आता, आबा."

"न्हाय देत," येडू म्हणाला. "माज्या तीन शेळ्या लोकांच्या डाळिंबात शिरल्या आस्तील येवड्यात. त्येची भांडणं आता कोण निस्तरणार? तू?"

बुधवारी सकाळी इंद्रजीतचा फोन आला. आवाज एकदम थंड होता.

"सुकन्या, ते खाली उतरव."

"का?"

"नाव माझ्या कंपनीचं आहे. वकील बघतील. आणि कॉलेजच्या मशिनवर तू सात वर्षं काय करत होतीस, ते मी आदिनाथ सरांना कळवलंय."

"सत्तेचाळीस लोकांची नावं खाल्लीस तू, इंद्रा. पोट दुखत न्हाय?"

"नावं! त्यातल्या चाळीस जणांनी स्पेलिंग दुरुस्त केलीत. लिहिलं मी. आणि तू काय लिहिलंस सात वर्षांत? दाखव एक ओळ. तुझं काम एकच, दुसऱ्यानं केलेलं नाकारणं."

हे मात्र तिला लागलं. कारण खरोखरच पाणीफेरीत तिच्या हातच्या ओळी थोड्या होत्या, साठ-सत्तर असतील.

"व्हय," ती म्हणाली. "आन् एक नाकारलं म्हणून तुला सगळं जाळावं लागलं."

तिनं फोन ठेवला.

आदिनाथ सरांनी तिला खोलीत बोलावून उभंच ठेवलं. परीक्षा सोडून जाणं, कॉलेजच्या मशिनवर परवानगी नसताना बाहेरचं काम, वरिष्ठांशी वागणूक. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांनी जुन्या चार तक्रारी काढल्या.

"माफीपत्र लिहा, मी वर बोलून बघतो," ते म्हणाले.

"परीक्षेचं लिहिते. ते चुकलंच माझं. मशिनचं नाही लिहिणार. ते तुम्ही भंगारात काढलेलं होतं, मी जिवंत केलं."

करार जूनमध्ये संपत होता, तो पुन्हा झाला नाही. टेबलाखालचं मशिन खरंच भंगारात गेलं. निरोप द्यायला कुणी आलं नाही.

पुण्याच्या वकिलाचं पत्र आलं, तेव्हा तिनं नावावरून भांडण केलं नाही. पाणीफेरी हे नाव काढलं आणि 'खेप' ठेवलं. बाकी कोडाला वकील हात लावू शकत नव्हता, कारण कोड कुणीही घ्यावा, वापरावा असा परवानाच सुरुवातीला त्याला जोडलेला होता आणि त्या परवान्याच्या पानावरची जुनी नोंद इंद्रजीतच्याच नावाची होती. कंपनीनं गावागावांत फुकट फोन आणि प्रशिक्षण दिलं, त्यामुळे बहुतेक गावं कंपनीकडंच राहिली. सांगोल्याची तेरा आणि रेश्माच्या ओळखीनं माढ्याची आठ, एवढीच गावं सुकन्याकडं आली. नाशिकच्या माणसानं लिहिलं, 'मी येतो, पण पाच वेळा परत पाठवायचं नाही.' तिनं उत्तर दिलं, 'बघू.'

आता ती कुंभारीतच जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. दुकान म्हणजे खोलीचाच पुढचा भाग. मिरर चार झाले आहेत, आणि मुळात पुसलं तरी पुसणार नाहीत असे लावलेले. एक खोलीतच असतो. घरमालकीण अंबुबाईला त्या मशिनची घरघर सहन होत नाही. "दिवसरात्र हे कण्हतंय काय गं? बंद कर की," असं ती दारातून ओरडते, आणि सुकन्या आतून ओरडून नाही म्हणते. दोघींचं हे रोजचं आहे.

गेल्या एप्रिलमध्ये खेपच्या रेपोत एक बदल आला. पाठवणाऱ्याचं नाव बघून सुकन्या खुर्चीत सरळ झाली. इंद्रजीत. एकाच टँकरनं तासाभरात दोन खेपा केल्या तर दुसरी मोजली जात नव्हती, ती चूक त्यानं शोधून दुरुस्त केली होती. तिनं रेश्माला फोन लावला.

"त्यांचं गाव आलंय ना खेपवर," रेश्मा म्हणाली. "चुलते सरपंच झालेत. कंपनीचं नको म्हणाले, बायकांनी ग्रामसभेत लई गोंधळ घातला. आता दुसरी खेप दिसंना म्हणून चुलत्यांनी ह्यांनाच झापलंय, तुझं तू निस्तर म्हणून. ताई, घेणार?"

सुकन्यानं बदल वाचला. फेकून द्यायला एक तरी कारण सापडावं म्हणून तीनदा वाचला. दुरुस्ती चोख होती, पोरगा हुशार होताच. फक्त ती बरोबर चालते हे दाखवणारी चाचणी जोडलेली नव्हती. तिनं परत पाठवला, 'चाचणी नाही.' दुसऱ्या दिवशी चाचणी आली. तिनं पुन्हा परत पाठवला, 'नोंदीत कारण लिहिलेलं नाही.' कारण आलं. तिसऱ्यांदा तिनं एका ओळीतल्या मोकळ्या जागेवरून परत पाठवला, आणि ते तिला स्वतःलाच जरा जास्त वाटलं, तरी तिनं ते मागं घेतलं नाही. जागा नीट करून बदल पुन्हा आला, सोबत एक शब्दही नव्हता.

मग तिनं तो आत घेतला. नोंदीत त्याचं नाव आहे तसं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ती एका मशिनचा पंखा खोलून बसली होती. फोन पूर्ण वाजेपर्यंत तिनं त्याच्याकडं बघितलं, उचलला नाही, आणि पंख्यातली धूळ ब्रशनं झाडायला घेतली.